टॉन्सिल काढलेत म्हणून घशाचा कॅन्सर होणारच नाही असं धरून बसू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लांबणार आहे हे आधीच सांगते. जागा नसेल तर कुठेही कात्री लावा, पण लसीबद्दल जे लिहिलंय तेवढं राहू द्या ही विनंती.

मागच्या महिन्यात भाचीचा फोन आला. तिचा मुलगा सहा वर्षांचा, गेल्या वर्षभरात तीनदा टॉन्सिल सुजले, ताप, अँटिबायोटिक, शाळा बुडाली, सगळ्या घरात होतं तेच. तिच्या सासूबाईंचं म्हणणं एकदाचे काढून टाका, रोजची कटकट नको, आणि हिने कुठेतरी वाचलं होतं की ज्यांचे टॉन्सिल लहानपणी काढलेत त्यांना पुढे टॉन्सिलचा कॅन्सर कमी होतो, त्यामुळे ही पण मनातून तयार झालेली. मला म्हणाली आत्या काढूनच टाकते गं, बाबांना झालं तसं याला व्हायला नको. आणि बोलता बोलता तीच थांबली, म्हणाली पण बाबांचे तर लहानपणीच काढलेले ना, मग त्यांना कसं झालं?

तिला फोनवर मी जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे, कारण मला वाटतं हा प्रश्न बऱ्याच घरांत पडत असेल आणि त्याचं अर्धंच उत्तर लोकांपर्यंत पोचतंय.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, या भाचीचे बाबा. १९७० साली साताऱ्यात त्याचे टॉन्सिल काढले, तेव्हा तो सात वर्षांचा होता. आमच्या आळीत तेव्हा दोन घरं सोडून एकाचे तरी काढलेले असायचेच, घसा धरला की डॉक्टर म्हणायचे काढा आणि लोक काढायचे. आई सांगायची की त्याला आठवडाभर थंड दूध आणि आईस्क्रीम मिळत होतं. पुढे घरात कोणाचा घसा दुखला की दादा म्हणायचा माझं काम झालंय, मला आता घशाचं काही होत नाही. आम्हाला सगळ्यांना ते खरंच वाटायचं.

दादाने आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही, सिगारेट नाही, दारू नाही, जेवणानंतर सुपारीचं खांडसुद्धा नाही. २०१८ च्या पावसाळ्यात दाढी करताना त्याच्या बोटांना मानेत उजव्या बाजूला जबड्याच्या खाली गाठ लागली, आवळ्याएवढी. दुखत नव्हती, आणि दुखत नव्हती म्हणूनच कोणी मनावर घेतलं नाही. आधी अँटिबायोटिकचा एक कोर्स झाला, मग दुसरा, मग गंडमाळ असेल म्हणून टीबीच्या तपासण्या, त्यात काही निघालं नाही. एका डॉक्टरांनी बॅटरी मारून घसा बघितला आणि म्हणाले टॉन्सिल तर काढलेलेच आहेत, घसा साफ आहे, तंबाखू खात नाही ना, मग कशाला घाबरता. हे वाक्य ऐकून आम्ही सगळे इतके निर्धास्त झालो की दिवाळी नीट झाली. पुढे गाठ वाढली, उजव्या कानात कळ यायला लागली, कानात तर काहीच नव्हतं, तेव्हा कोणीतरी सुईची टेस्ट करा म्हणालं. साडेचार महिने गेले यात. त्या डॉक्टरांवर मी राग धरून बसलेले नाही, पण ते साडेचार महिने अजून रात्री आठवतात.

सुईच्या टेस्टमध्ये कॅन्सरच्या पेशी निघाल्या, पेट स्कॅनमध्ये मूळ जागा सापडली ती जिभेच्या मुळाशी. जिभेचं मूळ म्हणजे जीभ कितीही बाहेर काढून आरशात बघितली तरी दिसत नाही तो भाग, तिथे दुर्बीण घालावी लागते नाहीतर डॉक्टरांना बोट घालून चाचपावं लागतं. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं पी१६ पॉझिटिव्ह, म्हणजे हा तंबाखूचा कॅन्सर नाही, एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे झालेला आहे. एचपीव्ही म्हटलं की आपल्याकडे बायकांच्या गर्भाशयमुखाचा कॅन्सर एवढंच माहीत, तो संबंध शोधणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेलही मिळालं. पण तोच व्हायरस, त्यातही बहुतेक वेळा त्याचा १६ नंबरचा प्रकार, पुरुषांच्या घशात कॅन्सर करतो हे मला पंचावन्न वर्षांच्या भावाच्या रिपोर्टवर पहिल्यांदा कळलं.

आता टॉन्सिलचा संबंध. आपण ज्याला टॉन्सिल म्हणतो त्या पडजिभेच्या दोन बाजूंच्या दोन गाठी. पण त्याच जातीच्या ऊतींचं घशात एक पूर्ण कडं असतं, वाल्डायर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ते ओळखतात. बाजूला दोन टॉन्सिल, नाकाच्या मागे अ‍ॅडिनॉइड, आणि खाली जिभेच्या मुळावर पसरलेले जिभेचे टॉन्सिल. ऑपरेशनमध्ये काढतात ते बाजूचे दोन, फार तर सोबत अ‍ॅडिनॉइड. जिभेच्या मुळावरचं कोणी लहान मुलाचं काढत बसत नाही, ते आयुष्यभर तिथेच राहतं. दादाचंही राहिलं होतं.

या ऊतींना आत खोल खोल चिरा असतात, एखाद्या जुन्या झाडाच्या सालीला असतात तशा, आणि त्या चिरांच्या तळाशी अस्तर अखंड नसतं, जाळीसारखं विरळ असतं, म्हणजे जंतू आत येऊन शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींना भेटावेत म्हणूनच निसर्गाने ती वाट ठेवलेली आहे. एचपीव्हीला तीच वाट मिळते. बहुतेकांच्या शरीरातून हा व्हायरस वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो, कळतसुद्धा नाही. थोड्यांमध्ये तो राहतो, आणि त्याची ई६ आणि ई७ ही दोन प्रथिनं पेशीतल्या पी५३ आणि आरबी या दोन राखणदारांना निकामी करतात, मग पेशी वाढत सुटतात. लागण आणि कॅन्सर यांच्यात वीस-तीस वर्षंही जाऊ शकतात. शिवाय चिरा इतक्या खोल की कॅन्सरच्या आधीची अवस्था डोळ्यांना दिसत नाही, म्हणून गर्भाशयमुखासाठी जशी पॅप टेस्ट आहे तशी घशासाठी काही टेस्ट नाही. पुष्कळ जणांना पहिलं लक्षण दिसतं ते मानेतली गाठ, तोपर्यंत कॅन्सर त्या गाठीत पोचलेला असतो.

मग भाचीने वाचलं ते खोटं का, तर नाही, ते खरंच आहे. डेन्मार्कमध्ये माणसाचं ऑपरेशन, आजार, मृत्यू सगळ्याच्या सरकारी नोंदी एकमेकांना जोडलेल्या असतात, तिथल्या १९७७ ते २०१२ च्या नोंदी तपासून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचे टॉन्सिल काढलेले होते त्यांना टॉन्सिलचा कॅन्सर होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी कमी निघालं, आणि साठ वर्षांच्या आतल्यांमध्ये तर सुमारे ८५ टक्क्यांनी कमी. जी वस्तूच काढून टाकली तिला कॅन्सर कुठून होणार, थोडंफार राहून जातं त्यात होतो तेवढाच. पण त्याच अभ्यासात पुढची ओळ आहे आणि ती कोणी फॉरवर्ड करत नाही. घशाच्या बाकीच्या भागांचा कॅन्सर, त्यात जिभेचं मूळ आलं, तो मात्र टॉन्सिल काढल्याने कमी झालेला दिसला नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामधल्या रुग्णांचा एक अभ्यास २०१६ मध्ये आला, त्यात तर टॉन्सिल काढलेल्यांमध्ये टॉन्सिलचा कॅन्सर कमी पण जिभेच्या मुळाचा जवळपास दुप्पट दिसला. काढल्यामुळेच वाढला असं त्यावरून सिद्ध होत नाही, हे मला दादाच्या डॉक्टरीण बाईंनी दोनदा बजावून सांगितलं म्हणून मीही इथे बजावून लिहिते. पण टॉन्सिल नसलेल्या माणसाचा घसा "साफ" आहे असं बॅटरी मारून म्हणता येत नाही एवढं तर यातून नक्की निघतं, आणि आमचे साडेचार महिने नेमके याच समजुतीत गेले.

अमेरिकेत हा कॅन्सर किती वाढला ते वाचून मी हादरले. तिथे साठवून ठेवलेले जुने नमुने तपासले तेव्हा १९८४ ते ८९ मधल्या घशाच्या कॅन्सरपैकी साधारण १६ टक्क्यांत एचपीव्ही सापडला होता आणि २००० ते २००४ मधल्यांत जवळपास ७२ टक्क्यांत. २०१५ मध्ये तिथे या घशाच्या कॅन्सरचे १८ हजारांवर रुग्ण नोंदले गेले, गर्भाशयमुखाचे साधारण ११ हजार ८००, आणि घशाच्या रुग्णांमध्ये दर पाचातले चार पुरुष. काही जण याचा संबंध टॉन्सिलची ऑपरेशनं कमी होण्याशी लावतात, कारण १९५९ मध्ये तिथे वर्षाला सुमारे १४ लाख ऑपरेशनं व्हायची ती १९८० च्या दशकाच्या शेवटी तीन लाखांच्याही खाली आली. थोडा हातभार त्याचा असेलही, पण मुख्य गोष्ट व्हायरस पसरला ही आहे, आणि उपाय म्हणून परत मुलांच्या घशात सुरी घालायला निघणं मला अजिबात पटत नाही.

कारण ती ऑपरेशनं कशी ठरवली जायची बघा. १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये हजार शाळकरी मुलं घेतली, त्यातल्या ६१ टक्क्यांचे टॉन्सिल आधीच काढलेले. उरलेली डॉक्टरांना दाखवली, त्यांनी ४५ टक्क्यांचे काढा म्हणून सांगितलं. ज्यांना नको म्हटलं होतं ती मुलं दुसऱ्या डॉक्टरांपुढे उभी केली, त्यांनी त्यातल्या ४६ टक्क्यांचे काढा म्हटलं. परत उरलेली तिसऱ्यांकडे, परत तेच. शेवटी हजारातली ६५ मुलं राहिली ज्यांना कोणी ऑपरेशन सांगितलं नव्हतं. आमच्या आळीत १९७० साली काही वेगळं चाललं असेल असं वाटत नाही.

आता नियम बराच कडक आहे. वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं पाच-पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं तीन-तीन वेळा घसा खरोखर बिघडला आणि डॉक्टरांकडे त्याची नोंद असेल तर विचार करतात. दुसरं कारण म्हणजे मूल झोपेत जोरात घोरतं, श्वास अडकतो, दचकून उठतं. त्या मुलांना ऑपरेशनचा चांगला उपयोग होतो आणि अशा वेळी आईबापांनी घाबरून लांबवू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. पण "पुढे कॅन्सर नको" हे कारण त्या यादीत कुठेही नाही. डेन्मार्कमध्येच जवळपास १२ लाख मुलांचा अभ्यास २०१८ मध्ये आला, त्यात नऊ वर्षांच्या आत टॉन्सिल काढलेल्यांना पुढे तिशीपर्यंत नाकाघशाचे आजार जास्त झालेले दिसले, जवळपास पावणेतीन पट. हाही नुसता संबंध आहे, कारण म्हणून सिद्ध झालेलं नाही, पण टॉन्सिल म्हणजे शरीरातला फालतू तुकडा असं जे आपण बोलतो ते बोलणं थांबवायला एवढं पुरे. भाचीच्या मुलाचे तीनच वेळा सुजलेत, झोप शांत आहे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी थांबा म्हणून सांगितलं, ती थांबली.

दादाच्या उपचारांबद्दल थोडं लिहिते, कारण लोक म्हणतात व्हायरसवाला कॅन्सर बरा होतो म्हणे. हो, तंबाखूच्या कॅन्सरपेक्षा बराच चांगला प्रतिसाद देतो. २०१० च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात एचपीव्हीवाले ८२ टक्के रुग्ण तीन वर्षांनी जिवंत होते, एचपीव्ही नसलेल्यांपैकी ५७ टक्के. पण बरं होणं म्हणजे काय ते आम्ही बघितलं. पस्तीस वेळा लाईट म्हणजे रेडिएशन, सात आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, चेहऱ्यावर जाळीचा मास्क घट्ट टेबलाला अडकवायचा आणि हलायचं नाही. सोबत आठवड्याला एक किमो. तिसऱ्या आठवड्यात घसा आतून भाजल्यासारखा झाला, स्वतःची थुंकी गिळवत नव्हती, नाकातून नळी घातली आणि वहिनी त्यातून पेज आणि मोसंबीचा रस गाळून गाळून द्यायची. सतरा किलो वजन गेलं. चव गेली ती वर्षभर आली नाही, वरण कडू लागतं म्हणायचा, पाणी पण कडू. आज सगळे स्कॅन चांगले आहेत, पण लाळ नीट परत आली नाही ती नाहीच, भाकरी कालवणात कुस्करल्याशिवाय खाता येत नाही आणि पाण्याची बाटली घेतल्याशिवाय तो दारातल्या अंगणात पण जात नाही.

आणि एक गोष्ट जी बोलायला आम्हाला कोणालाच धीर होत नव्हता. एचपीव्ही शरीरसंबंधातून पसरतो, घशात मुखमैथुनातून जातो, हे कुठल्यातरी नातेवाइकाने मोबाईलवर वाचलं आणि मग कुजबुज सुरू झाली. दादाने काय केलं होतं, वहिनीला काही आहे का. वहिनी दोन महिने देवळात जायची बंद झाली. अहो, शरीरसंबंध आलेल्या बहुतेक सगळ्या माणसांना आयुष्यात कधी ना कधी हा व्हायरस लागून जातो, लग्नाच्या एकाच जोडीदारासोबत आयुष्य काढलेल्यांनाही लागतो, तीस वर्षांपूर्वीचा असू शकतो, कोणाकडून कधी आला हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. हे डॉक्टरीण बाईंनी दादा-वहिनींना समोर बसवून सांगितलं तेव्हा वहिनी रडली, आणि मग परत देवळात जायला लागली. कृपा करून असं कोणाच्या घरात झालं तर चौकशा करू नका.

आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचा खरा राक्षस अजूनही तंबाखू, मिसरी, गुटखा हाच आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि टपरीवर काय मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे. भारतात एचपीव्हीच्या घशाच्या कॅन्सरचं प्रमाण अमेरिकेइतकं नाही. पण म्हणूनच तंबाखू न खाणाऱ्याच्या मानेतली गाठ इथे कोणी कॅन्सर म्हणून बघत नाही, "खात नाही ना मग काही नाही" असं म्हणून पाठवून देतात.

आता लसीचं, ज्यासाठी एवढं लिहिलं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही एचपीव्हीची लस जानेवारी २०२३ मध्ये आली, १६ नंबरचा प्रकार त्यात आहे, आणि तिला परवानगी ९ ते २६ वयाच्या मुली आणि मुलगे दोघांसाठी आहे. मुलग्यांसाठी! मी ओळखीच्या पंधरा-वीस आयांना विचारलं, एकीलाही हे माहीत नव्हतं. १४ वर्षांपर्यंत दोन डोस, नंतर तीन. कोस्टा रिकामध्ये तिथल्या लसीच्या चाचणीत, ती बायकांवर झाली होती, चार वर्षांनी तपासलं तेव्हा तोंडातली १६ आणि १८ प्रकाराची लागण लस घेतलेल्यांमध्ये ९० टक्क्यांहून जास्त कमी होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये तिथल्या लसीच्या वापरात घशाचा कॅन्सर टाळणं हे कारण अधिकृतपणे घातलं. ऑस्ट्रेलिया २०१३ पासून शाळेत मुलग्यांना देते, ब्रिटन २०१९ पासून. आणि एका डोसनेही बरीच वर्षं संरक्षण मिळतं हे जगाला ज्या अभ्यासातून समजलं त्यात आपल्या पुण्याच्या आणि बार्शीच्या मुली होत्या, २०१० मध्ये सरकारने लसीकरण मध्येच थांबवलं म्हणून काहींना एकच डोस मिळाला आणि दहा वर्षांनी त्यांच्यातही संरक्षण टिकलेलं निघालं. इतकं आपलं योगदान आणि आपल्याच घरात माहिती नाही याचं मला फार वाईट वाटतं.

मुलींना आधी द्या, यात मला शंका नाही, देशात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने दरवर्षी सत्तर हजारांहून जास्त बायका जातात आणि २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देऊ असं सांगितलं ते योग्यच. पण ज्यांना परवडतं त्यांनी मुलग्यांना का देऊ नये? आणि सरकारने पुढच्या टप्प्यात मुलग्यांचा विचार आहे की नाही हे निदान सांगावं. लस लागण व्हायच्या आधी द्यायची असते, म्हणून वय नऊ ते चौदा चांगलं. दादाच्या वेळी ती नव्हती.

आपल्या आरोग्य पुरवणीत एकदा पुरुषांसाठी म्हणून एवढं छापा: मानेत न दुखणारी गाठ तीन आठवड्यांत गेली नाही, एकच टॉन्सिल मोठा दिसतोय, गिळताना एकाच बाजूला अडकतं, कानात काही नसताना एकाच कानात कळ येते, तर टॉन्सिल काढलेले असोत नसोत, तंबाखू खात असा नसा, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन दुर्बिणीने जिभेचं मूळ बघा म्हणून सांगा, आणि गाठीची सुईची टेस्ट मागून घ्या.

पत्र पाठवायच्या आधी दादाला वाचून दाखवलं. म्हणाला नाव नको देऊस, आपलं गाव लहान आहे, बाकी सगळं लिही. म्हणून नाव देत नाही.

आपली एक वाचक,
जिल्हा सातारा